पाठमोरा फोटो

मला शाळेची समुपदेशक केलं, त्यात माझ्या लायकीचा काही संबंध नव्हता. मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हाला पोरं घाबरतात. तुमच्यापुढं खोटं बोलणार नाहीत." मी विज्ञान शिकवते. माझा आवाज तीन वर्ग ओलांडून जातो आणि राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या काष्टीच्या आसपास सगळ्यांना ठाऊक आहे. अशा बाईकडं मुलांची मनं सोपवायची म्हटल्यावर सगळे खो खो हसले. मीही हसले, आणि आदेशावर सही केली.

नगरला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिकवणारी मुलगी माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची असेल, पण बोलायची मुद्द्याचं. ती म्हणाली, "मरावंसं वाटतं का, हे सरळ विचारा. विचारल्यानं मुलाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही, उलट त्याला सुटल्यासारखं वाटतं." हे मी वहीत दोन रेघा मारून लिहून घेतलं. शेवटच्या दिवशी दुपारी ती आणखी काहीतरी सांगत होती, गुपित ठेवण्याबद्दल. पण तेव्हा मागच्या टेबलावर प्रमाणपत्रं आणि हजेरीच्या सह्या सुरू झाल्या होत्या, मला पाचची एसटी गाठायची होती, आणि मी रांगेत उभी होते. कानावर अर्धंमुर्धं आलं. बाकीचं प्रमाणपत्रावर भागलं.

प्रत्येक शाळेत समुपदेशन कक्ष हवा, असं वरून आलं होतं. आदेश चांगलाच होता, त्याला मी नावं ठेवत नाही. आमच्याकडं प्रयोगशाळेच्या मागची अडगळीची खोली होती. फुटक्या परीक्षानळ्या बाहेर काढल्या, मानवी सांगाड्याचा तक्ता उतरवला, दोन खुर्च्या समोरासमोर न ठेवता तिरक्या ठेवल्या, कारण तसं शिकवलं होतं. खऱ्या शिकलेल्या समुपदेशक अख्ख्या तालुक्याला मिळून एकच होत्या. त्या महिन्यातून एकदा आल्या तर आल्या. बाकीचे दिवस माझे.

आणि झालेल्या प्रत्येक गोष्टीचा फोटो हवा होता. हल्ली शाळेत झाड लावलं की फोटो, हात धुतले की फोटो, खिचडी शिजली की फोटो. तो शाळेच्या ग्रुपवर, तिथून केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, ग्रुपवर, तिथून आणखी वर. फोटो नाही म्हणजे काम झालंच नाही. मी यावरून कितीतरी वेळा चिडले असेन, पण फोटो मात्र न चुकता पाठवायचे. चिडणं फुकट असतं, खुलासा लिहायला वेळ लागतो.

ती मुलगी दहावीत होती. गावापासून तीन किलोमीटरवर लिंबाच्या बागांमध्ये वस्ती, वडील दूध संकलन केंद्र चालवायचे, त्यामुळं पंचक्रोशीत सगळे ओळखायचे. मुलगी हुशार. दिवाळीनंतर मात्र चाचणी सुरू झाली की पोट धरून वर्गाबाहेर जायची. पहिल्यांदा मी सोडून दिलं. दुसऱ्यांदा सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "नाटकं बंद कर. दहावी आहे, तमाशा नाही." हे मी बोलले, हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात.

इतकं ऐकूनही ती माझ्याकडंच आली, याचं मला नवल वाटतं. शनिवारची सकाळची शाळा होती. मधल्या सुट्टीत ती कक्षाच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मी नाटक करत नाही." मी तिला खुर्चीत बसवलं. ती बोलायला लागली तेव्हा हळूहळू, मग एकदम भराभर. छातीत धडधडतं, हाताला मुंग्या येतात, पेपर समोर आला की अक्षरं दिसत नाहीत. तीन महिने नीट झोप नाही. आईनं दोनदा अंगारा लावून आणला. "आई म्हणते कुणाला सांगू नको, उद्या तुझ्या लग्नाला आडवं येईल. सकाळी वाटतं, उठूच नये."

मी वहीतल्या दोन रेघा आठवल्या. विचारलं, "बाळ, मरावंसं वाटतं का?"

तिनं बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "कधी कधी."

विचारायचं कसं ते मला शिकवलं होतं. उत्तर आलं तर पुढं काय, ते कुणी सांगितलं नव्हतं. मी तिला सांगितलं की हा आजार आहे, पोटदुखी असते तसा, याचे डॉक्टर असतात, मनाचे डॉक्टर, नगरला आहेत, आणि माणसं बरी होतात. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग तिनं विचारलं, "तुम्ही घरी नाही ना सांगणार?" मी म्हणाले, "एक शब्द या खोलीबाहेर जाणार नाही." तेवढ्यासाठीच ती आली होती, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. सोमवारी तालुक्याच्या समुपदेशक बाईंना फोन करायचा, मग दोघी मिळून ठरवू, असं आमचं ठरलं. आणि तोवर काही वाटलं तर शेजारच्या मैत्रिणीच्या फोनवरून मला लावायचं, हेही तिनं कबूल केलं.

तेवढ्यात मोबाईल वाजला. मुख्याध्यापकांचा निरोप. समुपदेशन कक्षाचे फोटो बारापर्यंत पाठवा, केंद्रात फक्त आपलीच शाळा राहिली आहे.

ती खिडकीकडं तोंड करून बसली होती, मी सांगितलेला श्वासाचा प्रकार करत. मी म्हणाले, "मागून एक फोटो काढते गं, चेहरा येणार नाही. चालेल ना?" तिनं मान हलवली. मी फोटो काढला. लाल रिबिनीच्या दोन वेण्या, खुर्चीच्या पाठीला अडकवलेली बॅग, खिडकीतून येणारं ऊन. फोटो चांगला आला होता, असंही मला वाटलं. पाठवून टाकला.

या गोष्टीनंतर मी त्या खोलीत मोबाईल नेलेला नाही. त्यावरून माझ्याकडं दोनदा लेखी खुलासा मागितला आहे. दोन्ही वेळा मी दिला, दोन्ही वेळा जरा जास्तच लांब दिला.

सोमवारी सकाळी आठला दहावीचा जादा तास माझाच होता. ती आली नव्हती. मी हजेरी घेतली आणि तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीकडं पाहिलं. ती मान खाली घालून म्हणाली, "मॅडम, तिचा फोटो आमच्या गावाच्या ग्रुपवर आलाय."

"चेहरा कुठंय त्यात?"

"बॅग हाय ना. मिलिटरीची. तसली बॅग तिच्याकडंच हाय."

तिचा मामा नगरजवळ भिंगारला लष्कराच्या कुठल्याशा कार्यालयात साधा नोकर होता, त्यानं दिलेली हिरवी बॅग. मी ती रोज बघत होते, आणि फोटोत तिच्यावरून मुलगी ओळखू येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या शेजारच्या मुलीनं आपल्या धाकट्या भावाचा फोन मागवून मला ग्रुप दाखवला. शाळेच्या ग्रुपवरून कुणीतरी तो जसाच्या तसा तिथं टाकला होता; फोटोखाली आमच्याच शाळेनं लिहिलं होतं, 'मानसिक समस्येबाबत समुपदेशन घेताना दहावीची विद्यार्थिनी'. त्याखाली गावकरी. 'डेअरीवाल्याची पोरगी न्हाई का ही?' 'काय झालंय तिला?' 'आजकालची पोरं.' एकानं हात जोडलेले पाठवले होते. आणि हे सगळं रविवारी सकाळपासून, म्हणजे ती पोर एक अख्खा दिवस आणि एक रात्र हे घेऊन घरात बसली होती, आणि मी घरी पापडाची उडदाची डाळ निवडत होते.

मुख्याध्यापकांना मी उभ्या उभ्याच सांगितलं. ते म्हणाले, "पण मॅडम, चेहरा तर दिसत नाही." मी म्हणाले, "सर, गावात माणूस चेहऱ्यावरून ओळखत नाहीत, चपलेवरून ओळखतात." त्यांनी लगेच फोटो काढून टाकायला लावला, तेवढं खरं. पण तोंडातून गेलेला शब्द आणि ग्रुपवर गेलेला फोटो परत येत नाही.

आमच्याकडं खिचडी शिजवणाऱ्या मावशी त्याच वस्तीवरच्या. त्यांनी तांदळाचं पातेलं दुसरीच्या हवाली केलं आणि माझ्या स्कूटीवर मागं बसल्या. रस्ताभर त्या एकच म्हणत होत्या, "बाई, हळू चालवा, आपुन पडलो तर पोरीला कोन बघंल?" मला हळू चालवणं जमत नव्हतं.

घरासमोर तिची आई कपडे वाळत घालत होती. मी विचारलं, "ताई, मुलगी आहे का घरात?"

"आता घरात कशी आसंल? सकाळीच साडेसातला ग्येली की जादा तासाला."

मावशीच म्हणाल्या, "शाळंत न्हाई आली गं ती."

आईच्या हातातला ओला सदरा तसाच राहिला. तेवढ्यात वडील आतून आले. त्यांच्या हातात मोबाईल होता आणि मला बघून त्यांचा चेहरा बदलला. "मॅडम, बरं झालं आलात. हा फोटो कुनी काढला?"

"मी काढला, दादा."

"माझी पोरगी येडी हाय का? कालपासून पन्नास जनांनी फोन केलेत मला. दूध घालाया येनारी बाया-मानसं इचारत्यात, पोरगीला काय झालं म्हणून. मी रातीला तिला म्हनलो, उद्यापासनं शाळा बंद, लई झाली शाळा. तरी तिच्या आईनं आज धाडलीच. तुमी शिकवाया हाय का पोरींची बदनामी कराया?"

ते जे बोलले त्यातला प्रत्येक शब्द मला लागू होता. एरवी कुणी असं अंगावर आलं तर मी शेरास सव्वाशेर असते. त्या दिवशी मी म्हणाले, "दादा, माझं चुकलं. मला नंतर काय बोलायचं ते बोला. पण आधी ती कुठंय ते शोधू. ती शाळेत पोचलेली नाही."

ते थांबले. बायकोकडं बघितलं. "तासाला ग्येली न्हवं?"

आता मला ते सांगावं लागणार होतं, जे खोलीबाहेर जाणार नाही असं मी शपथेवर म्हणाले होते. प्रशिक्षणाच्या शेवटच्या दुपारी ती शिकवणारी मुलगी काय सांगत होती, ते मला त्या अंगणात उभं राहून पूर्ण ऐकू आलं. कुणालाच सांगणार नाही, असं वचन कधी देऊ नका. जिवाचा प्रश्न आला तर सांगावंच लागतं, आणि ते आधीच मुलाला सांगून ठेवा. मी तिला सांगून ठेवलं नव्हतं. एकाच मुलीचा विश्वास मी दोन दिवसांत दोनदा मोडत होते, पहिल्यांदा चुकून आणि दुसऱ्यांदा कळून. मी म्हणाले, "दादा, ताई, ती शनिवारी मला म्हणाली, कधी कधी मरावंसं वाटतं. म्हणून मी धावत आलेय."

आई मटकन खाली बसली. वडील उभेच होते, पण राग कुठल्या कुठं गेला होता. ते नुसतं म्हणाले, "माझ्याशी बोलली न्हाई."

मी म्हणाले, पोलिसांना फोन करू. त्यावर ते घुटमळले. "आजून गावभर व्हईल, मॅडम. आधी आमी बघतो." तेव्हा मावशींनी त्यांना जे सुनावलं, ते मी जन्मात विसरणार नाही. "आरं, आब्रू घाल चुलीत! पोरगी गावली म्हंजी आब्रू आपसूक यील. लाव फोन!" वडिलांनी स्वतःच्या तोंडानं पोलीस पाटलाला सांगितलं, मुलीचं नाव, वय, काय घातलंय, आणि शेवटी, "तिच्या मनाला बरं वाटत न्हाई, जरा लवकर बघा." हे वाक्य बोलताना त्यांचा आवाज फुटला. मला वाटलं, एवढं वाक्य शनिवारी बोलता आलं असतं तर. पण शनिवारी ते कुणाला माहीतच नव्हतं, आणि ज्या एकीला माहीत होतं ती फोटो पाठवत होती.

साडेनऊ झाले होते. वडील टेम्पो घेऊन काष्टीच्या स्टँडकडं गेले. मी आणि मावशी बागेतून हाका मारत फिरलो. लिंबाच्या काट्यांनी माझी ओढणी दोन ठिकाणी फाटली. प्रत्येक झाडाखाली बघायला जायचं आणि बघायची भीती वाटायची. मी देवाला फार मानत नाही, पण त्या सकाळी मी नवस बोलले, आणि तो काय होता ते कुणाला सांगणार नाही.

सव्वादहाला आम्ही अंगणात परतलो, तोच वडिलांचा फोन आला. स्टँडवरच्या चहावाल्यानं तिला पाहिलं होतं. नगरच्या गाडीत बसली, एकटी. आई एकदम म्हणाली, "माझ्या भावाकडं ग्येली आसंल. भिंगारला." मामाला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला, परत वाजत राहिला. मग आईला आठवलं की त्याच्या कार्यालयात मोबाईल आत नेऊ देत नाहीत, गेटवर जमा करावा लागतो, आणि मामी माहेरी गेली होती. म्हणजे ती पोचली असली तरी दाराला कुलूप. आणि पोचली नसली तर ते आम्हाला एक वाजेपर्यंत, त्याच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत, कळणार नव्हतं.

आम्ही थांबलो नाही. वडील, आई आणि मी, टेम्पोच्या पुढच्या सीटवर तिघं, नगरच्या रस्त्याला लागलो. भिंगारच्या पोलिसांनाही कळवलं होतं. आई दर पाच मिनिटांनी मामाचा नंबर लावायची. नुसती रिंग. अर्ध्या वाटेवर वडील म्हणाले, "मॅडम, ती लहान हुती तवा सारखी बडबडायची. मीच म्हनायचो, गप बस गं."

एकला पाच मिनिटं कमी असताना फोन उचलला गेला. मामा नव्हता, ती होती. मामाच्या शेजारच्या बाईंनी तिला कुलपासमोर पायरीवर बसलेलं पाहून घरात घेतलं होतं, जेवू घातलं होतं, आणि गेटवर निरोप पाठवून मामाला बोलावून आणलं होतं. मामा नुकताच आला होता. आई फोनवर नुसती रडत होती. वडिलांनी टेम्पो रस्त्याच्या कडेला घेतला, इंजिन बंद केलं आणि स्टेअरिंगवर डोकं टेकलं.

मामानं फोनवरच मला एवढंच सांगितलं, "मॅडम, ती आली आन् पहिलं काय म्हनली म्हायतेय? मामा, मला मनाच्या डाक्टरकडं ने. मॅडम म्हनल्या, नगरला असत्यात." हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या आत एक कळ होती, ती गेली नाही.

त्या रात्री ते सगळे मामाकडंच राहिले, मी घरी परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एसटीनं परत नगरला गेले. दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही नंबर यायची वाट बघत बसलो होतो. ती आईच्या खांद्याला टेकून होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले, म्हणजे तिला मान वर करायला नको. म्हणाले, "बाळ, माझं चुकलं. फोटो काढायला नको होता. घरी सांगितलं ते मात्र तुझ्या जिवासाठी सांगितलं. पण तसं सांगावं लागू शकतं, हे तुला आधी सांगायला हवं होतं. मी खोटं वचन दिलं."

ती म्हणाली, "फोटोचं तुम्ही विचारलं होतं की, मॅडम."

"मग तू नको म्हणायचंस."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच अजून लहान होते. "मॅडमला नको कसं म्हणायचं?"

अठरा वर्षं मी शिकवते आहे. मुलांनी माझ्यापुढं 'नको' म्हणू नये, याचीच मी एवढी वर्षं सवय लावत होते, आणि त्याला शिस्त म्हणत होते. ती खोली, त्या तिरक्या खुर्च्या, ते प्रमाणपत्र, सगळं मी त्याच शिस्तीवर नेऊन ठेवलं होतं.

आमचा नंबर आला. डॉक्टर बाई मध्यम वयाच्या, शांत होत्या. त्यांनी आधी तिला झोपेबद्दल, जेवणाबद्दल विचारलं, आई-वडिलांना दोन-चार गोष्टी विचारल्या. वडील म्हणाले, "शाळा बंद म्हनलो हुतो, ते म्या रागात म्हनलो. ती शिकंल." मुलीनं त्यांच्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदा तिचे डोळे भरून आले. मग डॉक्टर म्हणाल्या, आता मी हिच्याशी निवांत बोलणार आहे. वडील बाहेर गेले. आई थांबलेली चालेल, असं ती म्हणाली. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहून तिला विचारलं, "या तुझ्या मॅडम ना? पुढं शाळेत याच लक्ष ठेवतील. या आत थांबल्या तर चालेल का तुला?"

खोलीत पंखा चालू होता. तिनं आईचा हात धरला. माझ्याकडं सरळ बघितलं. त्या नजरेत राग नव्हता.

"नको," ती म्हणाली. आवाज लहान होता, पण अडखळला नाही.

मी उठले, बाहेर आले, आणि दार नीट लावून घेतलं.